साधा कागद

सानपाड्यास आमच्या घरापासून तुर्भ्याचा घाऊक बाजार हांकेच्या अंतरावर आहे. वैशाखांत तेथें हापूसच्या पेट्या उतरूं लागल्या, म्हणजे वाऱ्यालाहि गोडी येते. साऱ्या मुंबईचें पोट भरणारा बाजार शेजारीं, आणि माझी मुलगी मात्र चार वर्षें अर्ध्या पोळीपुढें रडत बसलेली! दैवाच्या या विनोदानें मला कधीं हंसूं आलें नाहीं.

तिच्या आजाराचें नांव ॲनोरेक्झिया नर्व्होसा. यांत भूक मरते असें नव्हे. वजन वाढण्याच्या भयानें माणूस भुकेशींच वैर धरतो. लंडनच्या सर विल्यम गल यांनीं १८७३ सालीं हें नांव योजिलें. अशा रोग्याच्या शुश्रूषेस आप्तेष्टांइतके अपात्र कोणी नाहीं, असेंहि त्यांचें मत होतें. पुढें १९८७ सालीं त्याच शहरांतील मॉड्सली रुग्णालयाच्या संशोधकांनीं निराळेंच दाखविलें. दुखणें लहान वयांत जडलेलें असेल व फार मुरलेलें नसेल, तर कुटुंबाला हाताशीं धरून केलेला उपचार अधिक गुणकारी ठरतो. मुलगी चौदा वर्षांची असतांना बालरोगतज्ज्ञांनीं आम्हां उभयतांस तोच मार्ग सांगितला. मी तिच्या ताटाचा कारकून झालों. किती घांस, किती दूध, दर आठवड्याचें वजन, सारें एका वहींत लिहीत गेलों. ती सांवरूंहि लागली.

मग तिला अठरावें वर्ष पुरें झालें आणि बालविभागाचें दार लागलें. प्रौढांच्या मानसोपचार विभागांत पाळी येईपर्यंत तीन महिने गेले. जुन्या डॉक्टरांचा नव्यांना एक फोनहि गेला नाहीं. तेवढ्यांत तिचें वजन चार किलो उतरलें. वाढदिवस ही कॅलेंडरांतील एक तारीख. आजार कॅलेंडर पाहत नाहीं. निरोपाची तयारी वर्षभर आधीं व्हावी आणि जुन्यानें रोग्याचा हात नव्याच्या हातीं द्यावा, ही अपेक्षा फार मोठी आहे काय?

नव्या डॉक्टरीणबाईंनीं प्रश्न केला तो मुलीला; उत्तर देऊं लागलों मी. त्या सौजन्यानें म्हणाल्या, "सर, आपण थोडा वेळ बाहेर बसाल का?" अठ्ठावीस वर्षें विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढणाऱ्या मला बाहेर बसण्याचा हा पहिलाच प्रसंग!

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मी त्या बांकावर प्रथम वाचला. मूल कायद्याच्या भाषेंत ‘अज्ञान’ असेपर्यंत पालक हाच त्याचा प्रतिनिधि. सज्ञान झालें, कीं तें आपला प्रतिनिधि आपण निवडतें. साध्या कागदावर लिहून सही केली, म्हणजे पुरे.

मुलीनें कागद लिहिला. त्यावर नांव होतें तिच्या आत्याचें.

परततांना सानपाडा स्टेशनाच्या जिन्यावर तिनें विचारलें, "बाबा, रागावलांत?"

"नाहीं," मी खोटेंच म्हणालों.

"आत्या वही ठेवत नाहीं," ती म्हणाली. "तुम्ही नुसते बाबा व्हा."

गल यांचें तें कठोर मत मला त्या जिन्यावर आठवलें. तें सर्वस्वी खरें नव्हे; माझ्या वहीनेंच तिला चार वर्षें तगविलें होतें. पण जी काठी आधाराला दिली, तीच कुंपण झाल्याचें मला कळलें नव्हतें.

त्या रात्रीं वही कपाटांत गेली. वजन अजून भरून आलेलें नाहीं. माझी काळजीहि सरलेली नाहीं. जेवतांना मी खिडकीबाहेर पाहत होतों. तिनें दहींभात घेतला. किती घांस, तें मीं मोजले नाहींत.