पश्चिमेची मर्यादा

भिंगारच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान चालविणाऱ्या शेठजींनी वीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात दिशापरिमाण व्रत घेतले. उत्तरेस दिल्ली, दक्षिणेस चेन्नई, पूर्वेस कोलकाता आणि पश्चिमेस समुद्राचा काठ. अवर्षणाच्या मुलुखातील माणसाला यापुढे जाण्याचे कारणच काय, असे तेव्हा त्यांना वाटले होते.

कारण फेब्रुवारीत आले. गोव्यातील भाच्याने शिडाची नौका घेतली होती. वेंगुर्ल्यापासून सुमारे 15 किलोमीटरवर, भर समुद्रात निर्मनुष्य खडकाळ बेटांचा पुंजका आहे. एका बेटावर दीपगृह, बाकी सारे राज्य पाखरांचे. "मामा, तुम्हीही चला," असा त्याचा आग्रह होता. ओळीच्या दिवसांत श्रीपाल राजाचा समुद्रप्रवास दरवर्षी ऐकणाऱ्या शेठजींना मोह पडला. पूर्वेस ते कधी नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. तिकडची शिल्लक इकडे वळती करावी, हा हिशेब व्यापाऱ्याच्या मनात सहज आला. परंतु एका दिशेतून घटवून दुसरी वाढविणे, या क्षेत्रवृद्धीला शास्त्रकारांनी अतिचारच म्हटले आहे. व्यापारी मनाची त्यांना पुरती ओळख असावी!

पहाटेच्या मतलई वाऱ्यावर नौका निघाली. नातू गेला, शेठजी वेंगुर्ल्याच्या काठावर राहिले. मुलांनी बेटावर पाऊल ठेवायचे नाही, लांबूनच पाहायचे, असे ठरले होते. त्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात. काळोखात टक-टक आवाज करून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. पूर्व आशियात या घरट्यांचे सूप करतात, म्हणून त्यांना मोठी किंमत येते. येथून होणारी त्यांची चोरी 2001 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने उघडकीस आणली. घरटे ओरबाडले की आतली अंडी-पिल्ले जातात. शेठजी हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मालाला गिऱ्हाईक आहे म्हणून माल उचलायचा, ही भाषा त्यांना परकी नव्हती.

दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर नौका परतायची होती. पण वारा लवकर पडला. चौविहाराची वेळ टळत आली, डब्यातले खाखरे तसेच राहिले. सूर्य बुडाला. शेठजींचा नवकार चालू होता, डोळे पश्चिमेला लागले होते.

अंधारात शीड दिसले. नातवाने हाक मारली, "दादाजी, तुम्ही पाण्यात का उभे?"

शेठजींनी खाली पाहिले. पाणी गुडघ्यापर्यंत आले होते. धोतर भिजल्याचेही त्यांना कळले नव्हते.

रात्री उशिरा प्रतिक्रमणाला बसले असता सहाव्या व्रताशी ते थांबले. घेतलेल्या मर्यादेचा विसर, स्मृत्यंतर्धान, हा त्या व्रताचा पाचवा अतिचार. "मिच्छा मि दुक्कडं" म्हणताना त्यांचा स्वर किंचित कापला. शेजारी नातू अर्धवट झोपेत सांगत होता, "दादाजी, इतक्या पाकोळ्या, मोजताच येईनात..."