चुंबळ आणि सरकता पट्टा

ओझें वाहणें आपल्याकडे इतकें नित्याचें आहे कीं, त्याचा स्वतंत्र विचार करण्याचें कोणाला फारसें सुचत नाहीं. विहिरीवरून हंडे येत, बाजारांतून गोणी येत, आगगाडींत ट्रंका चढत. पण त्या कोणाच्या माथ्यावरून आल्या, हें घरच्या जमाखर्चांत हमालीच्या चार आण्यांपलीकडे कोठेंच उमटत नसे. या गोष्टीचा विचार करण्याचा योग आला तो मावळांतील टाकवे बुद्रुक येथें.

कान्हे स्टेशनावर उतरून इंद्रायणी ओलांडली कीं आंदर मावळाच्या तोंडाशीं हें गांव लागतें. एकीकडे भाताचीं खाचरें, दुसरीकडे कारखाने. तेथील एका गोदामावर आमच्या नात्यांतला एक तरुण देखरेख करतो. त्याच्यामुळें परदेशीं जाणारा माल कंटेनरांत कसा भरतात, तें पाहावयास मिळालें.

कंटेनर म्हणजे एक लोखंडी खोलीच. मोठा असतो तो ४० फूट लांब. आंतील रुंदी मात्र जेमतेम पावणेआठ फूट. अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन या गृहस्थानें २६ एप्रिल १९५६ रोजीं अशा ५८ पेट्या एका जहाजावरून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या, आणि तेव्हांपासून सागरी व्यापाराची रीतच पालटत गेली. पेटी जहाजावर यंत्र चढवितें. पेटींत माल भरण्याचें काम मात्र पुष्कळ ठिकाणीं अजून हातांनींच चालतें. खोकीं आकारानें मोठीं नि वजनानें हलकीं असलीं कीं तीं लांकडी चौकटींवर रचून ठेवणें परवडत नाहीं. तेवढी जागा फुकट जाते. म्हणून एकेक खोकें सुटेंच आंत न्यावें लागतें, आणि आरंभीं तर प्रत्येकामागें चाळीस फूट जाणें नि चाळीस फूट येणें आलेंच.

ही ये-जा येथें सरकत्या पट्ट्यानें वांचविली आहे. जुन्या दुर्बिणीच्या नळ्या एकींतून एक बाहेर याव्या, तसा हा पट्टा कंटेनरच्या पार शेवटापर्यंत लांबतो. खोकें त्यावरून सरकत येतें. टोकाशीं पोहोंचतांच प्रकाशकिरण अडतो नि पट्टा आपोआप थांबतो. दोन गडी तें उचलून रचतात. जड तळाशीं, हलकें वर. एक भिंत पुरी झाली कीं पट्टा थोडा मागें घ्यावयाचा नि पुढली भिंत उभारावयाची. फटींत हवेच्या पिशव्या भरतात, कारण माल बोरघाट उतरून न्हावाशेव्याला नि तेथून समुद्रावर जावयाचा असतो. वरचा थर अजून हात उंचावूनच लावावा लागतो, आणि उन्हांत तापलेल्या पत्र्याची धग पट्ट्यानें कमी होत नाहीं.

"पूर्वीं आठ माणसें लागत, आतां चार पुरतात," असें आमच्या तरुणानें अभिमानानें सांगितलें. उरलेले चौघे कोठें गेले, हें विचारल्यावांचून राहवेना. दोघे खोक्यांवरील लेबलें तपासतात, एक पट्टा चालवावयास शिकला. चौथ्याचें नांव मात्र कोणालाच सांगतां येईना.

घरीं नळ आला तेव्हां आमच्या सासूबाईंच्या माथ्यावरची चुंबळ गेली. तिचें दुःख कोणीं केलें नाहीं, करूंही नये. पण हंडे वाहण्याची जी घटका वांचली, ती त्यांना विसाव्यासाठीं मिळाली काय? ती पाहुण्यांच्या पंक्तींत नि उष्ट्याखरकट्यांत केव्हांच विरून गेली. यंत्र श्रम वांचवितें. तो वांचलेला वेळ कोणाच्या पदरीं पडावा, हें घरच्या नि कारखान्यांतल्या कर्त्या माणसांनींच ठरवावयाचें असतें.

महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा केला. ओझें वाहणाऱ्याचें नांव कोठें तरी नोंदलेलें असावें, त्याची मजुरी बुडूं नये, हा त्यामागचा हेतु. माथ्यावरचें ओझें उतरल्यावरही तें नांव वहींत राहावें, ही अपेक्षा त्याच न्यायाची आहे. पट्ट्याची किंमत मांडतांना त्या चौथ्या माणसाला नवें काम शिकविण्याचा खर्चही मांडावा, एवढेंच आमच्या तरुणाला निघतांना सांगितलें. त्यानें तें टिपून घेतलें आहे.