यादीबाहेरचा गंध

परवा टपालाने एक चिमुकली कुपी आली. माझी पुतणी पॅरिसला नोकरीस आहे. तिने ती धाडली होती. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या : "काका, वास घेऊन कळवा. आपल्या कुळागराचा वाटतो का?"

वकिलाला प्रश्न विचारला की तो आधी कागद पाहतो. त्या सवयीने मी कुपीचे कूळ शोधले. एर्मेस या फ्रेंच पेढीसाठी जाँ-क्लोद एलेना नावाच्या सुगंधकाराने बागांची एक मालिकाच रचली. २००३ मध्ये भूमध्य सागराकाठची बाग झाली, २००५ मध्ये नाईलकाठची, आणि २००८ मध्ये 'पावसाळ्यानंतरची'. नाईलच्या बागेचे बीज त्याला आस्वानच्या कैऱ्यांत सापडले. पावसाळ्यानंतरच्या बागेसाठी त्याने केरळ गाठले आणि वेलची, आले, मिरी, धने यांच्या आधाराने भिजलेली भूमी कुपीत उभी केली. मिरीच्या ओढीने पोर्तुगीज गलबते १४९८ मध्ये त्याच किनाऱ्याला लागली होती. तेव्हा माल न्यायचा होता. आता नुसती आठवण नेली तरी पुरते, आणि तिला मालाहून अधिक मोल येते!

मी झाकण काढून मनगटावर एक फवारा मारला. वेलची आली, आले आले, मिरी आली. आणि त्यांच्या मागून पाणी. होय, पाण्याचाच वास! पाऊस सरल्यावर पाटाला पहिले पाणी सोडतात आणि ते पोफळींच्या आळ्यांतून फिरू लागते, तेव्हा येतो तसा. क्षणभर मी डोळे मिटले.

परंतु नाकातला वकील लवकरच उलटतपासणीस उभा राहिला. कुजणाऱ्या सुपारीच्या सालींचा उग्र दर्प कुठे आहे? न्हाणीच्या चुलीचा धूर? आईच्या बोटांना दिवसभर चिकटून राहणारा भिरंडांचा आंबूस वास? साक्षीदार निरुत्तर होता. त्याचा तरी काय दोष? त्याने केरळ पाहिले होते, आमचे कुळागर नव्हे.

आणि ते कुळागर आता आमचेही नाही. वडिलांमागे आम्ही तिघे भाऊ. गोव्याच्या रीतीप्रमाणे इन्व्हेंटरी झाली. तीत मृताच्या मालमत्तेची यादी होते, मोल ठरते, आणि वारसांना आपसांत बोली लावता येते. बोलीला आमच्यापैकी कोणीच पुढे आले नाही. तिघांचीही बिऱ्हाडे शहरांत. अखेर सर्वानुमते ते विकले. यादीचा मसुदा माझा. पोफळी, माड, जायफळाची चार झाडे, मिरवेली, विहीर, पाटाच्या पाण्याचा हक्क. "काही सुटले नाही," असे मी भावांना अभिमानाने सांगितले होते. पुतणी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे वडील हयात; म्हणून ती वारस नव्हती. तिचे मत विचारण्याचे कायद्याला कारण नव्हते, आणि आम्हाला ते सुचले नाही.

गंध कोणाचा, याविषयी न्यायालयांचेही एकमत नाही. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने अत्तराच्या वासाला ग्रंथकाराच्या हक्कासारखे संरक्षण नाकारले. तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते मिळू शकते असे ठरविले. आमच्या काणकोणातील खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन लाभले. म्हणजे नाव गावाशी बांधता येते. पण गावाचा वास एखाद्या मुलीशी बांधणारे कलम मला कोणत्याही संहितेत आढळले नाही.

आता तिला काय लिहावे? 'वाटत नाही' म्हणावे, तर इतक्या प्रेमाने धाडलेली भेट नाकारल्यासारखे होते. 'वाटतो' म्हणावे, तर तिचे समाधान होईल आणि मीही सुटेन. सुटकेचा मार्ग वकिलाला फार लवकर दिसतो.

रात्री जुन्या कागदांतून त्या यादीची प्रत काढली. तिच्या पाठीमागे पेन्सिलीने जे सुटले होते ते मांडू लागलो : सालींचा दर्प, न्हाणीचा धूर, आईचे हात, ओल्या जायपत्रीने लाल झालेले सूप... अकरा बाबी भरल्या. मोलाचा रकाना कोरा ठेवला, खाली सही केली, आणि सकाळी ती प्रत पॅरिसला रवाना केली.