एकाचे दोन, दोघांचा एक

साहित्यात पुनरुक्तीला मान आहे. भजनाचे पालुपद दहा वेळा घोळले तरी श्रोत्यांची तृप्ती होत नाही, आणि गोष्टीतले तेच वाक्य पुन्हा आले की लहान मुले टाळ्या पिटतात. कलाशाखेचे पदवीधर असल्याने आमचाही ओढा तिकडेच. याद्यांच्या राज्यात मात्र पुनरुक्तीसारखा दुसरा दोष नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर चढवण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा हे ज्ञान आम्हांला झाले.

काम वरवर सोपे. आडव्या ओळीत एक विद्यार्थी. उभ्या रकान्यांत त्याचे नाव, गाव, जन्मतारीख. माहिती अशा परस्परसंबद्ध तक्त्यांत ठेवण्याची कल्पना आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्यांच्या लेखी तक्ता म्हणजे गणितातला संच. संचात ३ हा अंक दोनदा लिहिला म्हणून तो दोनदा होत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. त्याच न्यायाने तक्त्यातही दोन ओळी तंतोतंत सारख्या असू नयेत. परंतु व्यवहारात रूढ झालेल्या प्रणाली एवढ्या सोवळ्या राहिल्या नाहीत. आपण नियम घालून दिला नाही, तर तीच ओळ त्या दहा वेळाही निमूटपणे ठेवून घेतात. ‘हा रकाना अनन्य’ असे तक्त्याला एकदा बजावले, की मग तेच दुसऱ्यांदा लिहू जाताच यंत्र नकार देते.

तर मग नावाचा रकाना अनन्य करून मोकळे व्हावे, असे कोणासही वाटेल. पण आमच्याकडील पुष्कळ घरांत नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. विठ्ठलाचा मुलगा नारायण, नारायणाचा मुलगा विठ्ठल, आणि त्या विठ्ठलाचा मुलगा पुन्हा नारायण! म्हणजे आजोबाही नारायण विठ्ठल आणि नातूही नारायण विठ्ठल. आडनाव तेच, गाव तेच, घरही तेच. दोघेही एकाच शाळेत शिकलेले. घरी आम्हां कोंकणी माणसांचे यावाचून काही अडत नाही; एक ‘व्हडलो’ आणि एक ‘धाकटो’ म्हटले की भागते. यंत्राला मात्र आजोबा आणि नातू एकच वाटतात.

यात हसण्यासारखे आहे, तसेच रडण्यासारखेही आहे. एका कचेरीत सारखी दिसणारी नावे दुबार समजून यादीतून काढून टाकण्यात आली. त्यात आमच्या परिचयाच्या एका मुलीचे नाव गेले. कारण तिच्याच नावाची दुसरी मुलगी त्याच तालुक्यात होती. एकीला दोनदा शिष्यवृत्ती जाऊ नये म्हणून योजलेल्या उपायाने दुसरीला ती त्या वर्षी मिळालीच नाही.

उलट, एकाच माणसाची दोन माणसे होणेही तितकेच सोपे. कोठे ‘नाईक’, कोठे ‘नायक’. रोमन लिपीत तर पोर्तुगीज अमदानीतल्या कागदावर हे आडनाव एका परीने लिहिलेले आढळते आणि आजच्या दाखल्यावर दुसऱ्या परीने. नावापुढे चुकून एक मोकळी जागा सुटली, तरी यंत्राला ते नाव निराळे वाटू शकते. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या प्रकारे उमटवता येतो. डोळ्यांना अक्षर तेच दिसते. पण यंत्र अक्षरे पाहत नाही, त्यांच्यामागचे अंक पाहते, आणि ते अंक भिन्न असतात! म्हणून नोंद करण्यापूर्वी सर्व नावे एका वळणाची करून घ्यावी लागतात.

यावर आमच्या जनरल रजिस्टराने फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे. दाखल होताना मिळालेला क्रमांक पुन्हा कोणाला दिला जात नाही. संगणकवाले अशाच अनन्य खुणेला ‘प्रायमरी की’ म्हणतात. पण एवढ्याने भागत नाही. यंत्राने आपण होऊन नवे क्रमांक वाटायचे ठरवले, तर एकाच मुलाला दोन क्रमांक मिळायचे. म्हणून नाव, आईवडिलांची नावे व जन्मतारीख हे सारे मिळून अनन्य असावे, असा दुसरा नियम लागतो. येथेही एक खोच आहे. बहुतेक प्रणालींत रिकामा रकाना दुसऱ्या रिकाम्या रकान्याच्या बरोबरीचा धरत नाहीत. जन्मतारीख कोरी राहिली की नियमाला पळवाट सापडली!

‘लिहिणाऱ्याने आधी पाहून मग लिहिले की झाले, नियम हवा कशाला?’ असे कोणी विचारील. लग्नघरची अक्षत आठवावी. थोरला भाऊ यादी पाहतो. अमक्यांकडे अजून कोणी गेलेले नाही. त्याच वेळी धाकटाही तेच पाहतो. दोघेही निघतात, आणि एकाच घरी दोनदा अक्षत पोचते. दोघांनी पाहिले होते, दोघेही दक्ष होते. तरी घोटाळा व्हायचा तो झालाच. दोन लेखनिक एकाच क्षणी नोंद करू लागले की हेच घडते. यास्तव राखण लिहिणाऱ्यांवर न सोपवता तक्त्याच्याच दारी ठेवावी लागते. दोघे एकदम आले, तरी तेथे एकालाच प्रवेश मिळतो. या राखणीला वेळही फारसा लागत नाही. लावून ठेवलेल्या सूचीत दर पावलाला अर्धी नावे बाद करीत गेल्यास एक लाख नावांतून हवे ते सतरा पावलांत सापडते.

एवंच, नकार देण्याचे काम यंत्र चोख करते. पण ‘सारखे’ कशाला म्हणावे हे ठरवण्याचे काम त्याचे नव्हे. ते माणसानेच, आणि माणसे ओळखणाऱ्यानेच, करावयाचे असते. मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कित्येकांच्या हाती मोठमोठ्या याद्या येतील. त्यांत दोन सारखी नावे दिसली की पुसण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि विचारा. त्यांतले एक नाव चुकून पुन्हा लिहिलेले असेल. किंवा ती दोन निराळी माणसे असतील, आणि त्यांतले एक आपल्या शिष्यवृत्तीची वाट पाहत असेल.