थरथर आणि गंज

जुनी मोटार बाळगणें हा श्रीमंतांचा शोक आहे, असा एक समज लोकांत रूढ आहे. आमच्या मोटारीला तो लागू पडत नाहीं. ती जुनी म्हणून कोणीं हौसेनें घेतलेली नव्हे. ती नवीच घरीं आली आणि आमच्याबरोबर म्हातारी झाली. नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहिल्यावर 1978 सालीं माझ्या वडिलांना कुर्ल्याच्या कारखान्यांतली प्रीमियर पद्मिनी मिळाली. दादरला, समुद्रापासून दोन गल्ल्यांवर, इमारतीच्या आवारांत ती तीस वर्षें उभी होती. वडील गेल्यावर ती पुण्यास माझ्याकडे आली. पद्मिनीचें उत्पादन 2000 सालच्या सुमारास थांबलें. 2023 च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आमची मात्र अजून वर्षांतून एकदां आईला तिच्या माहेरीं, वाईला, घेऊन जाते. आई 84 वर्षांची आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही मोटारींत बसायला ती राजी नसते.

गेल्या पावसाळ्यानंतर या मोटारीचें स्टिअरिंग थरथरूं लागलें. तेंही सरसकट नव्हे. ताशीं साठ किलोमीटरपर्यंत सारें शांत. पासष्टाला चक्राला कांपरें भरे, सत्तराला तें मनगटापर्यंत चढे, आणि ऐंशीच्या जवळ गेलें कीं पुन्हां ओसरे. माझी मुलगी म्हणाली, “बाबा, आतां विकून टाका.” निदान होण्याआधींच रोग्याचा निकाल लावण्याची ही घाई मला पटेना. मी अठ्ठावीस वर्षें तर्कशास्त्र शिकवीत आहें. ज्या कार्याला ठराविक वेगाची मर्यादा आहे, त्याचें कारणही वेगाशीं बांधलेलें असलें पाहिजे, एवढें तरी मला उमगत होतें.

आणि तें तसेंच असतें. टायरसकट चाकाचा घेर सुमारें एक मीटर नव्वद सेंटिमीटर धरा; सत्तरच्या वेगाला तें सेकंदाला दहा वेळां फिरतें. त्याच्या कडेवर एका बाजूस तीस ग्रॅम वजन जास्त असलें, तर तेवढेंसें वजन त्या वेगाला दोन किलोच्या जोरानें चाकाला बाहेर खेचतें, आणि तेंही सेकंदाला दहादां. मोटारीच्या पुढच्या सांगाड्याची स्वतःची म्हणून एक डुलण्याची लय असते. चाकाचे ठोसे त्या लयीशीं जुळले म्हणजे थरथर वाढते. वेग वाढून लय चुकली कीं ती विरते. झोपाळ्याला योग्य वेळीं दिलेला हलका झोकाही उंच नेतो, त्यांतलाच हा प्रकार.

इथपर्यंत पुस्तकी विद्या पुरली. पुढचें काम नाना पेठेंतल्या एका वृद्ध मिस्त्रींचें. त्यांनीं बॉनेट उघडलेंच नाहीं. आधीं प्रश्न विचारले. “सर, ब्रेक दाबल्यावर वाढते का?” नाहीं. मग ब्रेकचे ड्रम वेडेवांकडे झिजलेले नसावेत. “हातांत जाणवते कीं बैठकींत?” हातांत. म्हणजे दोष पुढच्या चाकांकडे. मागचें चाक किंवा मागचा दांडा बिघडला असता, तर बैठक थरथरली असती. एवढें बोलून त्यांनीं पुढचीं चाकें मागें आणि मागचीं पुढें लावलीं व मला शेजारीं बसवून महामार्गावर नेलें. थरथर हातांतून बरीचशी गेली होती आणि पाठीखालीं येऊन बसली होती. कारण असतां कार्य असणें हा अन्वय आणि कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक, हें मी दर वर्षीं फळ्यावर लिहितों; मिल्लच्या 1843 च्या ग्रंथांतल्या पद्धती त्याच्या शेजारीं मांडतों. मुलें तें उतरून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मिस्त्रींनीं तें पान्यानें करून दाखविलें. महाविद्यालयांत जॅक आणि चार चाकें ठेवण्याची सोय असती, तर माझें अर्धें व्याख्यान वांचलें असतें.

पण “बरीचशी” या शब्दावर ते अडले. थोडी थरथर हातांत उरली होतीच. मोटार जॅकवर चढली. मिस्त्रींनीं एक हात चाकाच्या माथ्यावर व एक तळाशीं धरून तें हलविलें, चाक लुटलुटलें. मग त्यांनीं पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलें आणि पुन्हां हलविलें. ब्रेक दाबला असतां बेअरिंगचा ढिलेपणा लपतो. येथें तो कायम राहिला, म्हणजे दोष बेअरिंगचा नव्हे, तर चाक ज्या उभ्या खिळीवर वळतें त्या किंगपिनचा. डावीउजवीकडे धरून हलवितां चाक डगमगलें असतें, तर टायरॉडच्या टोंकांवर संशय गेला असता. तेथें कांहीं नव्हतें. उतरविलेल्या एका चाकाच्या रिमला आंतून खड्ड्याचा ठोका बसला होता, आणि त्याच खांचेंत पावसाळ्याचा चिखल वाळून घट्ट झाला होता. रिम सरळ केली, चाकांचा तोल साधला, किंगपिन व त्याचे बुश नवे घातले. खर्च माझ्या अपेक्षेपेक्षां कमी आला.

मी पाकीट काढलें, पण मिस्त्री गाडीखालून बाहेर येईनात. किंगपिन बसवितांना त्यांनीं दाराखालच्या लांब पोकळ पट्टीवर पेंचकसाच्या मुठीनें ठोकून पाहिलें होतें. पुढें ठण् वाजलें, मध्यें थप् वाजलें. मग त्यांनीं पेंचकस उलटा धरला आणि थप् वाजलेल्या जागीं टोंचला. तो रंगातून सरळ आंत गेला, पापडांतून जावा तसा.

ज्या दुखण्यानें मला महिनाभर बेचैन केलें तें तीस ग्रॅमचें निघालें. आणि जें मुकाट्यानें वीस वर्षें चाललें होतें त्यानें घराचा वासा पोखरला होता. पद्मिनीला जुन्या गाड्यांसारखी वेगळी चासी नाहीं. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालच्या त्या पट्ट्या म्हणजे तिच्या बरगड्या. लोखंडाला गंजण्यास पाणी आणि प्राणवायु पुरतात. समुद्राचें मीठ त्या पाण्याला वीज वाहण्याजोगें करतें आणि काम झपाट्यानें उरकतें. उघड्या पत्र्यावरचें पाणी वाळतें, पण पट्टीच्या पोटांतलीं निचऱ्याचीं भोकें चिखलानें बुजलीं कीं तें आंतच मुरतें. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून रंग आधीं फुगतो आणि मग फुटतो. मला ते फुगे आठवतात. वडील दर दोन-तीन वर्षांनीं रंगारी बोलावून ते घांसवीत आणि वर पुट्टी व नवा रंग देववीत. गाडी दिवाळींत झळझळीत दिसे, आणि शेजारी कौतुक करीत.

दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशें वर्षें उघड्यावर उभा असून गंजून कां गेला नाहीं, असें पूर्वीं लोक नवलानें विचारीत. त्या लोखंडांत स्फुरद पुष्कळ आहे आणि त्यामुळें त्यावर एक पातळ रक्षक थर बसला आहे, हें कानपूरच्या आय.आय.टी.तले प्रा. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनानें स्पष्ट झालें. आज गंजावर जें द्रावण लावतात, त्यांतही बहुधा स्फुरदाचेंच आम्ल असतें. मारुतीला लावीत तो शेंदूर आणि पुलांच्या लोखंडाला देत तो तांबडा रंग, दोहोंत एकच शिशाची भस्म असे, हेंही मला मजेचें वाटतें. शिसें विषारी म्हणून तो रंग आतां मागें पडला. त्याची जागा जस्ताच्या अस्तरानें घेतली.

मिस्त्रींनीं दोन मार्ग सांगितले. गंजावरच नवा पत्रा ठोकून रंगविणें हें चार दिवसांचें, स्वस्त काम. पण दोन पत्र्यांमध्यें पाणी कोंडतें आणि वर्ष-दोन वर्षांत गाडी पूर्वीपेक्षां वाईट होते. दुसरा मार्ग म्हणजे निरोगी धातु लागेपर्यंत कापणें, नवी पट्टी जोडणें, जस्ताचें अस्तर देणें आणि पोकळींत मेण फवारणें. त्याचा खर्च मोटारीच्या बाजारभावाहून जास्त. “कांहींही करा, सर,” ते म्हणाले, “पण हें होईपर्यंत आईंना घेऊन खंबाटकी चढूं नका. धक्का बसला तर ही बाजू दुमडेल.”

मीं दुसरा मार्ग पत्करला. मुलीनें हिशेब मांडून तो मूर्खपणा ठरविला, आणि तिच्या हिशेबांत चूक नव्हती. आईला सांगणें अवघड जाईल असें वाटलें होतें. बाबांची गाडी यंदा नाहीं, हें मीं फार जपून, शब्द निवडून सांगितलें. ती माझ्याकडे पाहातच राहिली. “अरे, ह्यांची गाडी म्हणून मी तींत बसतें असं वाटलं का तुला? तुमच्या नव्या गाड्यांत बसायला एक तर खालीं कोसळावं लागतं, नाहीं तर वर चढावं लागतं. माझे गुडघे नाहीं वाकत.”

मुलीनें आपल्या गाडीच्या दाराशीं एक लांकडी पाट ठेवला, आणि आई तीवरून चढून वाईला जाऊन आली. पद्मिनी अजून नाना पेठेंतच आहे. डावी पट्टी नवी झाली. उजवी दिवाळीनंतर उघडतील. पांचशें किलोमीटर झाल्यावर चाकांचा तोल पुन्हां एकदां पाहावा लागेल, असें मिस्त्रींनीं बजावलें आहे.