खेळाडूची दुसरी खेळी

खेळाडूचें मैदानावरील आयुष्य मोठें तोकडें. वकील साठीच्या पुढेंही पक्षकारासाठीं उभा राहतो, वैद्याचा हात वयाबरोबर मुरत जातो. पण क्रिकेटपटूचे पाय बहुधा चाळिशीच्या आंतच थकतात. मग जें ज्ञान उन्हांत उभें राहून मिळविलें, त्याचें त्यानें काय करावें? जमिनींत पुरून ठेवावें काय? शुभवर्तमानांतील त्या दासाची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. पुण्याचे कै. बाळ ज. पंडित ह्यांनीं तसें केलें नाहीं.

पंडितांचा जन्म १९२९ सालचा. रणजी करंडकाच्या सामन्यांत ते महाराष्ट्राकडून खेळले आणि पुढें आकाशवाणीवरून क्रिकेटचें धांवतें वर्णन मराठींत करूं लागले. ह्या कामाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. क्रिकेटवर त्यांनीं मराठींत पुस्तकेंही पुष्कळ लिहिलीं. २०१५ सालीं ते निवर्तले.

हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. वेगवान गोलंदाजाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास फलंदाजापाशीं पोहोंचतो. तेथें कोश उघडून प्रतिशब्द शोधण्यास सवड कोठली? यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळा हे शब्द आज पोराटोरांच्या तोंडीं आहेत, ते अशा समालोचकांच्या व वृत्तपत्रकारांच्या जिभेवर घांसून गुळगुळीत झाले म्हणूनच. शिवाय, क्षेत्ररक्षक दोन पावलें मागें सरला हें कोणासही दिसतें. तो कां सरला, हें स्वतः खेळलेल्यास चटकन उमगतें. अशा मनुष्यास मोह मात्र एकच, ‘आमच्या वेळीं’ म्हणून सुरुवात करण्याचा. (आम्हां शिक्षकांतही हा रोग पुष्कळ आहे.)

मराठी वर्णन पुण्यामुंबईपुरतें राहिलें नाहीं. कसाऱ्याच्या वाटेवरील आमच्या खर्डीसही तें ऐकूं येई. माझे वडील सांगत कीं, त्यांच्या शेजारीं एक अंध गृहस्थ राहत. ट्रान्झिस्टर कानाशीं धरून ते दिवसभर ओटीवर बसत. चेंडू कोणत्या बाजूस गेला, कोण धांवला, हें सारें ते हाताच्या बोटानें जमिनीवर दाखवीत. सामना ‘ऐकला’ असें ते कधींच म्हणत नसत. ‘पाहिला’ असेंच म्हणत.

आतां भातकापणी आटोपली कीं इकडील मोकळ्या शेतांत टेनिसच्या चेंडूचे सामने भरतात, आणि ध्वनिक्षेपकावर गांवचाच कोणी तरुण बोलत असतो. भाषा अर्धी हिंदी, आणि विनोद बहुधा झेल सोडणाऱ्याच्या जिवावर. बांधावर त्याची आई बसलेली असते, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत मात्र आमचा एक माजी विद्यार्थी बोलत होता. गुडघा दुखावल्यामुळें त्याचा खेळ सुटलेला. सीमेवर एका लहानग्याच्या हातून झेल निसटला; लोक हंसले. तो म्हणाला, “ऊन त्याच्या डोळ्यांवर होतें, मंडळी. तरी वीस पावलें धांवत आला तो!” आणि पुढच्या चेंडूचें वर्णन सुरू झालें.