लेकीचा खेळ आणि माझ्या पाटल्या

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात एखादी लाल मखमलीची डबी असेल. माझ्या डबीत सासूबाईंच्या दोन पाटल्या आहेत. 'नातीच्या लग्नाला होतील' असं म्हणून त्यांनी जाण्याआधी माझ्या हातात ठेवल्या होत्या. गेल्या डिसेंबरात मी त्या रुमालात बांधून सोनाराकडे निघाले होते. लग्नासाठी नव्हे हं, लेकीला बास्केटबॉल खेळायला परदेशी पाठवण्यासाठी! त्या पाटल्या परत कपाटात कशा आल्या, तेच आज सांगायचं आहे. घरात खेळणारी मुलगी असेल तर जरूर वाचा.

आम्ही राहतो उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. 'कॅम्प' ऐकून नवख्या माणसाला मिलिटरी आठवते, आणि ते खोटंही नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर त्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय झाली आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. नाव बदललं, पण कॅम्पांचे आकडे तसेच राहिले. आता आमच्या भागात जीन्सचे कारखाने आहेत. आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला, आणि मी दुपारी घरी बसून जीन्सचे धागे कापते. गठ्ठा येतो, कातर चालते, पीसवर पैसे मिळतात. या पीसच्या हिशेबानेच पुढे मला शहाणपण शिकवलं.

लेक वीस वर्षांची. दाराच्या चौकटीला डोकं लागेल की काय, अशी उंची! पाहुणे म्हणायचे, "अहो, हिला नवरा कुठून आणणार?" शाळेतल्या सरांनी मात्र ती उंची पाहिली आणि हातात चेंडू दिला. ती 'फॉरवर्ड' खेळते. म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. बास्केटजवळ राहायचं, अंगावर धक्के घ्यायचे, चेंडू रिंगला लागून उडाला की चार जणींच्या वरून तो पकडायचा आणि पुन्हा आत टाकायचा. सिमेंटच्या मैदानावर पडून गुडघे सोललेले, कोपर काळंनिळं. हळद लावता लावता मी रागावायची, ती हसायची.

गेल्या वर्षी, २ नोव्हेंबर २०२५ ला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आमच्या गल्लीत फटाके वाजले. ज्या बायका लेकीला 'मुलगी आहे की मुलगा' म्हणत होत्या, त्याच विचारू लागल्या, "हिला कधी मिळणार पैसे?" आणि नेमकं त्यानंतर महिन्याभरात लेकीच्या मोबाईलवर एका माणसाचा निरोप आला. परदेशातल्या एका क्लबला उंच फॉरवर्ड हवी आहे, पगार, राहणं, जेवण सगळं क्लबचं. फक्त 'कागदपत्रांसाठी' दीड लाख आधी भरायचे, आणि तेही आठ दिवसांत.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर विश्वास ठेवला? ठेवला हो! आपल्याकडे बास्केटबॉल खेळून मुलीचं पोट भरायचं, तर रेल्वेसारख्या खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागायला हवी. तिथे जागा थोड्या आणि मुली पुष्कळ. त्यात हा पगार! लेकीचे डोळे असे चमकत होते की 'नाही' म्हणायची छाती होईना. भिशीचे पैसे धरून साठ हजार जमले. उरलेल्यांसाठी डबी उघडली.

रुमाल कमरेला खोचून निघाले, तर दारात शेजारच्या अम्मा भेटल्या. या सिंधी अम्मा बराकीतच जन्मल्या, वय पंचाहत्तरच्या घरात, सारा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बेटा, तू धागे काटती है, तो सेठ तुझे पैसा देता है या तू सेठ को देती है?"

मी जागच्या जागी थांबले. काम माझं, घाम माझा, मग पैसे मी का द्यायचे? लेकीचा खेळ हेही कामच नाही का? ज्याला तो हवा, तो पैसे मोजेल. मी घरात परतले, पाटल्या डब्याखाली ठेवल्या आणि लेकीला म्हटलं, "बस इथे. बाहेरदेशी खरंच जाऊन खेळलेल्या मुली कशा गेल्या, ते आपण दोघी आधी बघू."

चार रात्री आम्ही वाचत होतो. लेक मोबाईलवर वाचून दाखवी, मी धागे कापता कापता ऐके.

पहिली सापडली ती केरळची, कोट्टायमजवळच्या कोल्लाडची गीतू अॅना जोस. उंची सहा फूट दोन इंच, नोकरी दक्षिण रेल्वेत. २००६ ते २००८ या काळात ती ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रिंगवुड क्लबकडून खेळली. व्यावसायिक म्हणून तिथे खेळायला गेलेली ती पहिली भारतीय मुलगी. पुढे २०११ साली अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या मोठ्या लीगमधल्या शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ अशा तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. निवड झाली नाही. पण परत येऊन ती रेल्वेकडून आणि देशाकडून खेळत राहिली, आणि २०१४ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. लेक म्हणाली, "आई, निवड झाली नाही तरी तिचं काही संपलं नाही गं." मी म्हटलं, "कारण परत यायला जागा होती."

दुसरी आपली सांगलीची, माधवनगरची स्मृती मानधना. खेळ क्रिकेटचा, पण वाट तीच. २०१६ साली मंडळाने मुलींना परदेशी लीगमध्ये खेळायची परवानगी दिली आणि स्मृती ब्रिस्बेन हीटकडून, तर हरमनप्रीत कौर सिडनी थंडरकडून खेळली. तिथेच जानेवारी २०१७ मध्ये स्मृतीच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. परक्या देशात, विशीतली पोर! आईच्या काळजाचं काय झालं असेल, ते तुम्हीच समजून घ्या. पाचएक महिने व्यायाम, उपचार, आणि जूनमध्ये इंग्लंडमधल्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात ९० धावा, पुढच्यात नाबाद १०६! त्यानंतर ती इंग्लंडच्या लीगमध्येही खेळली. वाचून आनंद झाला, पण मी लेकीला एका वहीत लिहायला लावलं : 'दुखापत झाली तर खर्च कोणाचा?' त्या निरोप्याने यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तिसरी अमेरिकेची शेरिल स्वूप्स, लेकीसारखीच फॉरवर्ड. १९९३ साली कॉलेजच्या अंतिम सामन्यात तिने एकटीने ४७ गुण केले. पण तेव्हा अमेरिकेत मुलींसाठी अशी लीगच नव्हती. म्हणून ती इटलीला बारी शहरातल्या संघाकडे गेली. करारावरून बिनसलं आणि दहा सामने खेळून ती घरी परतली. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत! पुढे १९९६ साली ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालं. १९९७ साली त्यांच्याकडे डब्ल्यूएनबीए सुरू झाली, आणि त्याच उन्हाळ्यात मुलाला जन्म देऊन शेरिल सहा आठवड्यांनी मैदानावर उतरली. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि ही रिबाउंड पकडत होती! तिचा ह्यूस्टनचा संघ त्या वर्षापासून सलग चार वेळा विजेता झाला.

आणखी एक गोष्ट कळली. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यातले काही महिनेच चालतो. म्हणून तिथल्या कितीतरी मुली वर्षानुवर्षं थंडीच्या दिवसांत तुर्कस्तान, रशिया, चीन अशा देशांत जाऊन खेळल्या. डायना टॉरासी तर २०१५ साली रशियातल्या क्लबच्या सांगण्यावरून अमेरिकेतला हंगामच खेळली नाही, कारण रशियातला पगार कितीतरी जास्त होता. म्हणजे दिमाख दिसतो तो पडद्यावर. आत सगळं माझ्या गठ्ठ्यासारखंच : हंगामी काम, ठरलेला दर, आणि हंगाम संपला की पुढचं काम शोधा. यात कमीपणा काही नाही. पण काम म्हटलं की कागद हवा.

मग आम्ही त्या क्लबचा खरा पत्ता शोधून काढला आणि लेकीने सरळ त्यांनाच पत्र टाकलं. निरोपात दिलेल्या पत्त्यावर नव्हे हं! इकडे तो माणूस रोज विचारत होता, "पैसे कधी?" पाचव्या दिवशी क्लबचं उत्तर आलं. त्या नावाचा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता, आणि ते कोणत्याच खेळाडूकडून पैसे घेत नाहीत.

दीड लाख वाचले. मी देवापुढे दिवा लावला. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. लेक त्या रात्री जेवली नाही. मी ताट घेऊन गेले, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुला बरंच वाटलं ना? मी जाऊच नये असंच तुला वाटत होतं."

मैत्रिणींनो, ते खरं होतं. पैसे वाचल्याचा आनंद होताच, पण त्याच्या खाली आणखी एक होता, पोर घरात राहिली याचा. तिने तो माझ्या तोंडावर वाचला. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "हो, वाटलं बरं. पण ती माझी भीती आहे, तुझा अडसर नाही. जायचंच तर सरळ दाराने जा. मी सोबत येते दारापर्यंत." बऱ्याच वेळाने तिने ताट ओढलं. आमटी गार झाली होती, तरी जेवली.

सरळ दार कोणतं, ते आता सांगते. वहीतलं जसंच्या तसं :

पहिलं, खेळणाऱ्याने पैसे भरायचे नसतात. नोंदणी, व्हिसा, कागद, कोणत्याही नावाने आगाऊ रक्कम मागितली की तिथेच थांबा. 'आठ दिवसांत' अशी घाई केली तर दुप्पट सावध.

दुसरं, बास्केटबॉलचा जागतिक महासंघ आहे, त्याचं नाव फिबा. एजंटांना तो परवाना देतो. समोरच्याचं नाव त्या यादीत आहे का, ते पाहा. नसेल तर बोलणं बंद.

तिसरं, एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आपल्या देशाच्या महासंघाचं 'लेटर ऑफ क्लिअरन्स' म्हणजे ना-हरकत पत्र लागतं. 'त्याची गरज नाही' असं सांगणारा माणूस खरा नव्हे. अठरा वर्षांखालच्या मुलीला तर काही खास कारणं सोडली तर अशी बदली मिळतच नाही.

चौथं, करार लेखी हवा, आणि तो क्लबशी. पगार किती, कोणत्या तारखेला, राहायची जागा, येण्याजाण्याचं तिकीट, दुखापतीचा खर्च आणि विमा, सगळं त्यात लिहिलेलं हवं. इंग्रजी समजत नसेल तर लाजू नका, वकिलाकडून वाचून घ्या.

पाचवं, पगार बुडाला तर दाद मागायला २००७ साली फिबाने एक लवाद सुरू केला, त्याचं ठिकाण जिनिव्हा. पण तिथे जाता यावं म्हणून तसं कलम करारात आधीच असावं लागतं. सही करण्यापूर्वी ते शोधा.

सहावं, पासपोर्ट मुलीच्याच हातात राहिला पाहिजे. आणि शिक्षण किंवा नोकरी, परत यायला काहीतरी राखून ठेवा.

एवढं वाचून कुणी म्हणेल, "एवढी कटकट कशाला? मुलीची जात, घरीच बरी." तसं मात्र म्हणू नका गं. चोर भेटला म्हणून आपण बाजाराला जायचं सोडतो का? पुण्याची शिरीन लिमये भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली, तिच्याही घरच्यांनी कधीतरी तिला एकटीने प्रवासाला पाठवलंच असेल ना!

आता आमच्या घरी काय चाललंय, ते सांगून थांबते. लेक पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका सरकारी खात्याच्या संघाच्या चाचणीला जाऊन आली, उत्तर यायचं आहे. भावाने मैदानाच्या कडेला उभं राहून तिच्या सामन्यांचं चित्रण केलं आहे, कारण परदेशी क्लब आधी खेळ बघतात. आणि मी भिशीतले थोडे पैसे काढून तिचा पासपोर्ट काढून दिला. गंमत म्हणजे त्यावरचा फोटो बघून तीच म्हणाली, "आई, मी किती चिडलेली दिसते!"

तो पासपोर्ट आता कपाटात, पाटल्यांच्या डबीशेजारी आहे. पाटल्या लग्नाला लागतील की नाही, कोण जाणे. पासपोर्ट मात्र मी दर पंधरा दिवसांनी काढून, पुसून ठेवते.